बाईंचा आकडा

"आकडा वाढलाय, बाई." डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला.

पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी तो तसाच परत सरकवला. "तुम्हीच सांगा. मला रिपोर्ट वाचता येत नाही, चेहरा येतो."

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. गाठ गेली, शौचासाठी पोटावर कायमची पिशवी आली. तेव्हापासून दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं आणि त्यातला सीईए, म्हणजे कॅन्सर परतल्याची चाहूल देणारा आकडा, तपासायचा. आजवर तो गुणी मुलासारखा जागेवर बसला होता.

"एवढ्यावरून दुखणं परतलं असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या कारणांनीही वाढतो. पुन्हा तपासू, मग स्कॅन."

बाहेर नवरा उठून उभाच होता. सगळं ऐकून म्हणाला, "आज तलावावर नको जाऊस."

"मग काय, घरी तुमचं तोंड बघत बसू?"

तलावाच्या काठाशी टॉवेल घट्ट गुंडाळून एक नवी बाई उभी होती. पोस्टातून निवृत्त झालेली. तिलाही अशीच पिशवी लागलेली, म्हणून वॉर्डातल्या सिस्टरनं इकडे धाडलेली.

"मला नाही जमायचं. फुगवटा दिसतो. लोक बघतील."

बाईंनी आपला टॉवेल खुर्चीवर टाकला, तिचा हात धरला आणि पोहण्याच्या पोशाखावरून स्वतःच्या पोटावर ठेवला. "लागली हाताला? रोज पाण्यात असते. मी बुडाले नाही, ती निसटली नाही."

वर्गातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मग पाण्यातून एक आजी म्हणाल्या, "अगं बाई! आणि आम्ही म्हणत होतो, बाईंचं पोट सुटलंय!"

हसण्याचा असा गलका झाला की पोस्टातली बाई कधी पायरी उतरली, तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या तपासणीत आकडा आणखी वर गेला. स्कॅनमध्ये यकृतावर एक लहानसा डाग दिसला, एकच.

"वेळेवर कळलं. काढता येईल," डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याला रडू आवरेना. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडा, पण हळू. बाहेर नंबर लावून बसलेत, घाबरतील बिचारे."

ऑपरेशन झालं. पुढच्या रक्तात आकडा उतरला.

"तरी येत राहायचं हं, बाई," डॉक्टरांनी बजावलं.

"येईन की. माझ्यावाचून तुमच्या सुईला करमायचं नाही."

पाण्यात उतरायची मुभा अजून नव्हती. बाई कोरड्या कपड्यांत काठावर बसून वर्ग घेऊ लागल्या. "श्वास सोडा! धरून कशाला ठेवताय?" ओरडताना बरगडीखाली, ऑपरेशनच्या जागी, कळ आली. त्यांनी तिथे तळहात दाबला, क्षणभर पाण्याकडे बघितलं, आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.