हरण्याच्या अटी

पानाचा कोपरा… अंगठ्यानं जेमतेम नखभर उचललेला, आणि त्याखाली चौकटची नव्वी. तिच्याआड किलवरची नव्वी. ग्लेंडाने कोपरा सोडला आणि दाताच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत असल्यासारखा चेहरा केला. हा चेहरा तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवून कमावला होता. मागे चाळीस पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली असताना आरशात असाच चेहरा दिसावा लागतो.

पानं वाटणाऱ्या हेक्टरने मधली, सगळ्यांच्या सामाईकीची तीन पानं उलटली. इस्पिकची नव्वी, दश्शी, गुलाम. मग चौथं – बदामची नव्वी.

चार नव्व्या! कुठल्याही शहाण्या बाईला आनंद झाला असता, पण ग्लेंडाला झाला नाही, कारण समोर कॅसिनोच्या भिंतीवर लाल आकडे जळत होते – एक लाख अठरा हजार डॉलर – आणि ते जिंकणाऱ्याचे नव्हतेच, हरणाऱ्याचे होते. चार अठ्ठ्या किंवा त्याहून भारी पानं घेऊन जो हरेल त्याला निम्मे, त्याला हरवणाऱ्याला पाव, उरलेले टेबलावरच्या सगळ्यांना. बाई गं, हरायला इतके पैसे! नाहीतर उभा जन्म फुकटच हरलो की आपण… लग्नातसुद्धा. अटी तिला तोंडपाठ होत्या. दोघांच्याही हातातली दोन्ही पानं कामी यायला हवीत. मध्ये निदान वीस डॉलर जमायला हवेत. आणि डाव चालू असताना त्या पैशांबद्दल किंवा पानांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, काढला की सगळं बाद. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याने नुसतं 'अरे देवा, जॅकपॉट!' म्हटलं, तर आख्ख्या टेबलाने त्याच्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत.

चार नव्व्यांना आता इस्पिकची सलग पाच पानंच हरवू शकत होती. म्हणजे कुणाकडे तरी इस्पिकची सत्ती-अठ्ठी हवी, नाहीतर अठ्ठी-राणी, नाहीतर राणी-राजा. आणि बाकी सगळ्यांनी तर पानं टाकून दिली होती. डावात उरला होता एकच माणूस – पाच नंबरच्या खुर्चीवरचे गृहस्थ.

गेली अकरा वर्षं ती त्याला असंच म्हणत आली होती. 'हेक्टर, पाच नंबरच्या गृहस्थांना सांगा, त्यांची कॉफी माझ्या बाजूला आलीय.' त्याच्याही आधी कधीतरी सव्वीस वर्षं ती त्याला मर्ल म्हणायची, कारण तो तिचा नवरा होता. मग तो गरम पाण्याचे टब विकणाऱ्या एका बाईबरोबर रीनोला गेला, दोन वर्षांत त्या बाईने त्याला टबासकट बाहेर काढलं, आणि दर मंगळवारी सकाळी दहाला तो याच टेबलावर येऊन बसायला लागला. तिने का उठावं? ती आधीपासून बसत होती. वेगसमध्ये टेबलं कमी आहेत का? पण नाही… तोही हटला नाही, तीही नाही.

आणि आता याच माणसाकडे भारी पानं असावीत म्हणून देवाला साकडं घालायची वेळ आली होती. अकरा वर्षं तिने त्याच्यासाठी गुडघेदुखी मागितली होती, गळकं छप्पर मागितलं होतं. देवा, ते सगळं राहू दे. आज याला दे. भरभरून दे. मला मुलाच्या गॅरेजमधून बाहेर काढ – गवत कापायच्या यंत्राशेजारी झोपते मी, सूनबाई दार न वाजवता खत न्यायला आत येते – मला एक खोली दे, जिची किल्ली फक्त माझ्या पर्समध्ये असेल.

मर्लने दोन बोटं टेबलावर आपटली. म्हणजे पैसे लावायचे नाहीत, पुढे चला. तिनेही तेच केलं. पाचवं पान आलं, चौकटची दुर्री. मर्लने परत बोटं आपटली. मेल्या! मध्ये सतराच डॉलर जमले होते. आयुष्यभर चिक्कू, आणि आजही… ग्लेंडाने डॉलरच्या चार चकत्या पुढे सरकवल्या. शेजारची लिगाया – निवृत्त नर्स, मनिलाची, टेबलावर ग्लेंडाची एकुलती मैत्रीण – जोरजोरात श्वास घेत लाल आकड्यांकडे बघत होती.

मर्लने चार चकत्या उचलल्या. त्याचा हात थरथरत होता. चकत्या एकमेकींवर वाजत होत्या.

आता, हात थरथरला की पानं भारी हे शेंबडं पोरही सांगेल. लिगायाला हे ग्लेंडानेच शिकवलं होतं. पण त्या क्षणी तिला पानं दिसलीच नाहीत. दिसला तो हात – मागच्या बाजूला तपकिरी डाग वाढलेले, मनगटाजवळ शीर उडणारी – आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतली ती सात झाकणांची डबी, जी ती दर रविवारी भरून ठेवायची, कारण त्याला रक्तदाबाची गोळी कधी म्हणून आठवायची नाही… आता कोण भरतं? आणि तिचं तोंड आपणहून उघडलं.

"गोळी घेतलीस का?"

चकत्या टेबलावर पडल्या. मर्लने पानं उलटली. इस्पिकची सत्ती. अठ्ठी.

ग्लेंडाने आपल्या नव्व्या उलटल्या तेव्हा लिगाया खुर्चीवरून उठून किंचाळली, कुणीतरी टोपी उडवली, आणि हेक्टर दोन्ही हात वर करून म्हणाला, "कुणी काही शिवू नका! डार्सीबाईंना बोलवा."

टेबलांवर देखरेख करणारी डार्सी निळ्या कोटात आली, वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघायला गेली, परत आली ती ओठ मुडपून. "ग्लेंडा, पैसे लावताना तुम्ही काहीतरी बोललात. कॅमेऱ्याला आवाज नाही. काय बोललात?"

"अगं सांग ना," लिगायाने तिचा दंड धरला. "माझ्या वाट्याचे चार हजार आहेत त्यात!"

"मर्ल, तुम्ही ऐकलंत?" डार्सीने त्याच्या कानाशी वाकून विचारलं.

"मला कुठलं ऐकू येतंय?" मर्ल म्हणाला. "कानातलं यंत्र गाडीत राहिलं. ही माझ्याशी बोलली? माझ्याशी?"

त्याच्या तोंडावर असं काही आलं की ग्लेंडाने नजर फिरवली. हेक्टरनेही मान हलवली. लिगायाच्या श्वासाच्या आवाजात त्याला काही कळलं नव्हतं. म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. किती वाजले विचारलं, म्हणावं. कॉफी सांडतेय म्हटलं, म्हणावं. कसलीही थाप चालली असती. किल्ली पर्समध्ये आली असती, आणि पाच नंबरचे गृहस्थ पाच नंबरवरच राहिले असते. खरं सांगायचं तर मात्र आख्ख्या टेबलादेखत सांगायचं, की अकरा वर्षं मी… शी! हरायचं कबूल केलं होतं मी, पण इतकं?

डार्सीने कागदावर पेन टेकवलं. "शब्द न् शब्द सांगा."

ग्लेंडाने थाप निवडली. कॉफीची. जिभेवर घेतली. आणि सवयीने एकदा तिकडे बघितलं – त्याचा हात अजून थरथरत होता. डाव तर संपला होता, पानं उघडी पडली होती, आता कशाला थरथरायचं?

"मर्ल," ती मोठ्याने म्हणाली, यंत्राशिवाय ऐकू जाईल इतक्या, "गोळी घेतलीस का, असं विचारत होते मी."

डार्सी लिहायला लागली, मध्येच थांबली, हे पानांबद्दलचं बोलणं धरायचं की नाही ते वरिष्ठांना फोन करून विचारते म्हणाली. लिगाया मेरीमातेचं नाव घेत पुटपुटू लागली. ग्लेंडाला यातलं काहीच नीट ऐकू येत नव्हतं. तिला फक्त त्याचं तोंड दिसत होतं, अर्धवट उघडलेलं, आणि तिला भयंकर राग येत होता, की साधं हो किंवा नाही सांगायला या माणसाला इतका वेळ का लागतोय.