शेवटचे चार आकडे

मित्रांनो, माझे भाऊबंद तुमच्याही घरी असतील. कोणी पाकिटात, कोणी कपाटातल्या साडीखाली, तर कोणी फ्रिजवर धूळ खात पडलेला. मी एक जुनं, कडा मुडपलेलं आधारकार्ड आहे. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरची पौर्णिमा माझी मालकीण. माझ्या अंगावर बारा आकडे आहेत. ते कोणते, हे मात्र विचारू नका. ते चारचौघांत सांगायचे नसतात आणि त्या बाबतीत मी फार कडक आहे!

पौर्णिमा दहावीत होती, तेव्हा तिने बोटांचे ठसे नव्याने दिले आणि मी पोस्टाने घरी आलो. तिचे वडील प्रेमानंद यांनी मला लांबलचक कागदावरून कात्रीने नीट कापून काढलं. ते ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर कामाला आहेत. गावाला पाणी सोडणं, टाकी भरली की मोटार बंद करणं, हे त्यांचं काम. लेकीचं कार्ड हातात घेऊन ते कितीतरी वेळ बघत बसले होते. मला तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू? आपण फार मोठे कोणीतरी आहोत असं वाटलं.

मग माझ्या कष्टाचे दिवस सुरू झाले. शिष्यवृत्ती आली की मला काढा, कॉलेजचा प्रवेश आला की मला काढा, बँक, परीक्षा, एसटीचा पास, सगळीकडे मी. पौर्णिमा मला समोर धरायची, मोबाइलवर भराभर आकडे टाकायची आणि परत बॅगेत कोंबायची. सोनाली ही तिची जिवाभावाची मैत्रीण. ती एकदा म्हणाली, "अगं, किती येळा बघून लिवतीस? पाठ का करंनास?"

"पाठ करून काय करू? कार्ड हाय, मोबाइलमधी फोटो हाय. डोक्यात कशाला भरायचं?" पौर्णिमा म्हणाली.

मला वाईट वाटलं, पण सोनालीलाही स्वतःचा आकडा येत नव्हता. कॉलेजातल्या बहुतेकांची हीच तऱ्हा! खो-खोच्या सामन्यात कोण कितव्या मिनिटाला बाद झालं, हे त्यांना वर्षानुवर्षं आठवतं. आमचे आकडे म्हटलं की सगळ्यांची पाटी कोरी.

खो-खो हा पौर्णिमेचा श्वास होता. खांबाजवळ तिने सूर मारला की समोरची मुलगी सुटलीच नाही म्हणून समजा. यंदा धाराशिवला जिल्ह्याच्या महिला संघाची निवड होणार होती. गेल्या वर्षी पाय मुरगळल्यामुळे तिची संधी हुकली होती. त्यामुळे यंदा तिने रोज पहाटेपासून मैदानावर घाम गाळला होता.

आणि नेमकं तेव्हाच माझं नशीब फुटलं. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी प्रेमानंद घरातल्या सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करत होते. हे काम ते दरवर्षी स्वतः करतात, कोणाला हात लावू देत नाहीत. कपडे झाले. इस्त्री अजून तापलेलीच होती. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या मुडपलेल्या कडांकडे गेलं आणि त्यांना वाटलं, लेकीच्या कार्डाला घरच्या घरी प्लास्टिक चढवून टाकू. त्यांनी मला फाइलच्या प्लास्टिकमध्ये घातलं, वर रुमाल ठेवला आणि इस्त्री दाबली.

अहो, माझा जीव कासावीस झाला! प्लास्टिक आक्रसलं, शाई पसरली. नाव राहिलं, फोटो राहिला, पहिले आठ आकडे राहिले. पण शेवटचे चार आकडे आणि शेजारचा चौकोनी क्यूआर कोड यांचा पांढरट चिखल झाला. "गार झाल्यावर निघंल," असं स्वतःशीच म्हणत त्या भल्या माणसाने मला लेकीच्या बॅगेत ठेवून दिलं.

बुद्धपौर्णिमा पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मैत्रिणी एसटीने धाराशिवला निघाल्या. पौर्णिमेचा मोबाइल पडून फुटला होता आणि दुरुस्तीला दिलेला होता. म्हणजे तिचा सगळा भार माझ्यावर. आणि माझी ही अवस्था.

मैदानावर नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या सरांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, उन्हात धरलं. "नाव दिसतंय, फोटो दिसतोय. नंबर कुठाय, पोरी?"

पौर्णिमेने मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

सर मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "आधारच्या साइटवरनं नवीन कार्ड काढून दाखव. म्या थांबतो. पण अर्ध्या तासात नोंदणी बंद व्हती, मग माझ्या हातात काय न्हाय."

नवं कार्ड काढायला आकडा लागतो, पुरे बारा. सोनालीने आपल्या मोबाइलवरून प्रेमानंदांना फोन लावून पौर्णिमेच्या हातात दिला.

"जय भीम, पप्पा! माझा आधार नंबर कुठं लिवलेला हाय का?"

"जय भीम, बाळा. घरी झेरॉक्स असंल की. पर मी टाकीवर हाय, घरी जाऊन हुडकायला तास जाईल. का गं?"

तिने कारण सांगितलं. मग प्रेमानंद हळूच म्हणाले, "लई चूक झाली माझी, पोरी."

"तुमी चांगल्यासाठीच केलं, पप्पा. फकस्त फोन हातात ठिवा. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येनार हाय."

मैदानावर शिट्टी वाजली. मुली पळायला लागल्या, धूळ उडाली. पौर्णिमा डोकं धरून पुटपुटत होती. आठ आकडे वाचायची आणि पुढे अडायची. मित्रांनो, त्या पांढऱ्या डागाखाली काय आहे, ते मला माहीत होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. पण मला तोंड कुठे आहे?

तेवढ्यात सोनालीने तिचा हात धरला. "तोंडानं म्हनू नगं. मोबाइल घे आन् नुसतं टाइप कर. एवढ्या येळा केलंयस, बोटाला ठाव असंल."

पौर्णिमेने मोबाइल घेतला. अंगठा सरसर चालला. आठ आकडे झाले, नववा बरोबर, दहावा बरोबर. आणि तिने मध्येच थांबून विचार केला! अकरावा चुकला. 'क्रमांक अयोग्य' अशी लाल अक्षरं आली. मी कपाळावर हात मारला असता, पण हातही नाहीत.

"इचार करू नगंस म्हनलं ना!" सोनाली ओरडली. "डोळे मीट!"

पौर्णिमेने डोळे मिटले, श्वास घेतला. अंगठा पुन्हा धावला. नववा. दहावा. अकरावा. आता फक्त एक! अंगठा जरासा हवेत थांबला आणि अचूक त्याच आकड्यावर पडला. माझ्या अंगावर काटा आला.

तिकडे टाकीच्या जिन्यावर रेंज धरून उभे असलेले प्रेमानंद चालू फोनवरून ओरडले, "आला! आला! लिव!" त्यांचा आवाज एवढा मोठा, की टेबलावरच्या सरांनाही हसू फुटलं. मोबाइलवर नवं कोरं कार्ड उघडलं. सरांनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "पळ आता!"

ती काय पळाली म्हणता! सोनालीच्या हातातून मी सगळं पाहिलं. एकापाठोपाठ एक मुली बाद होत होत्या आणि मी आनंदाने वेडा झालो होतो. संध्याकाळी संघाची नावं वाचली, त्यात पौर्णिमेचं नाव होतं. सोनालीने मला मुठीत एवढं आवळलं, की माझी उरलेली कडही मोडली.

रात्री जेवताना पौर्णिमेने बारा आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले, न अडता. प्रेमानंद माझ्याकडे बघून पडताळायला गेले, पण शेवटचे चार माझ्यावर आता दिसणार कसे! मी मात्र मनातल्या मनात तिच्यासोबत म्हणत होतो. तिला आता माझी गरज नव्हती आणि खरं सांगतो, एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, आम्हाला जपा. आम्हाला इस्त्री करू नका, खिशात धुऊ नका. पण आम्ही शेवटी कागदच. म्हणून आमचे आकडे मनात ठेवा आणि अनोळखी माणसाने फोनवर विचारले, तर मनातच राहू द्या.

"आता तुमचा म्हना, पप्पा," पौर्णिमा म्हणाली.

प्रेमानंदांनी घसा साफ केला. आठ आकडे झोकात म्हटले आणि हात हळूच खिशातल्या कार्डाकडे नेला. पौर्णिमेने तो हात वरच्यावर धरला.

"डोळे मिटा," ती म्हणाली.