कार्डाची मागची बाजू

"गेला! फोन गेला!"

बसथांब्याच्या शेडमध्ये पंचवीस-तीस माणसं माना उंच करून बघत होती. समोरच विमानतळ, प्रत्येकाच्या पायाशी बॅग. मधोमध घडीच्या टेबलावर पुठ्ठ्याचा बोगदा, आणि त्यामागे पांढरा कोट चढवलेला, बोटात जाड अंगठी घातलेला, लॉकेटं विकणारा कवचवाला. त्याने चालू फोन बोगद्यातून सरकवला होता आणि पडदा काळा पडला होता.

"बघितलंत, मंडळी? हा तर नुसता पुठ्ठा, आत चिमूटभर किरणं. विमानतळाच्या तपासणी-यंत्रात घमेलंभर असतात! फोटो जातात, नंबर जातात, माणसाचं रक्त पाण्यासारखं पातळ होतं!"

"आता फोन परत कसा आणायचा?" कुणीतरी काळजीने विचारलं.

"हे कवच कशाला आहे?" त्याने एक काळं लॉकेट फोनच्या खालच्या टोकाला टेकवलं. पडदा उजळला. "याच्यामागे शास्त्र आहे! पदार्थविज्ञान, शरीरविज्ञान आणि थोडं अंतराळविज्ञान!"

टाळ्या पडल्या. खिशात हात गेले.

मागे उभ्या असलेल्या लॅमिनेशनवाल्या काकांनी टाळी वाजवली नाही. हाच खेळ त्यांनी दोन वर्षांपूर्वी कॉलनीच्या हॉलमध्ये पाहिला होता. तेव्हा शेजारी बायको होती. तिच्या छातीत पेसमेकर होता. परदेशात राहणाऱ्या मुलीला मुलगी झाली होती आणि दोघांची तिकिटं येऊन पडली होती. कवचवाल्याने नेमकं तिला गाठलं होतं, "आई, फोनचे हे हाल, तर तुमच्या काळजातल्या यंत्राचं काय होईल?"

काकांनी तिथल्या तिथे लॉकेट घेतलं. "घाल गं. आता कसली भीती?"

तिने घातलं, पण भीती काही गेली नाही. "अहो, पुढच्या वर्षी जाऊ ना," ती म्हणाली. आठ महिन्यांनी एका सकाळी ती उठलीच नाही. नात तिने फोनवरच पाहिली.

आता काका एकटेच निघाले होते. पाकिटात त्यांच्या पासपोर्टला चिकटून तिचा पासपोर्ट होता, तिचं पेसमेकरचं कार्ड होतं, आणि तिच्या गळ्यातून काढलेलं ते लॉकेट. वेगळं करायला हात धजला नव्हता.

"सरका जरा." ड्यूटी संपवून निघालेली तपासणीवाली बाई गर्दीतून पुढे आली. अंगावर गणवेश, हातात डबा. "मी आत बॅगांच्या यंत्रावर बसते. अकरा वर्षं झाली. माझा फोन आणि हा डबा रोज त्यातूनच जातो. फोन ठणठणीत आहे. डब्याला चव नसते, पण तो नवरा करतो."

लोक हसले. कवचवाला हसला नाही. "ताई, ही विद्या तुमच्या नोकरीतली नाही."

"अंगठी काढा."

"ती सिद्ध केलेली अंगठी आहे."

"मग तर काढाच."

तो काढेना, तेव्हा तिने आपल्या नावाच्या पट्टीची टाचणी उपसली आणि त्याच्या बोटाजवळ नेली. टाचणी टक्कन अंगठीला चिकटली.

"चुंबक! झाकण मिटलं की झोपणारे फोन पाहिलेत ना? त्या झाकणात एवढंसं चुंबक असतं. याचा फोन तसलाच. अंगठी फोनच्या वरच्या टोकाजवळ नेली, झोपला. लांब नेली, उठला. मेला कधी नव्हताच."

"म्हणजे आत काहीच धोका नाही?"

"बॅगेच्या यंत्रात क्ष-किरण असतात, पण फोनमधलं काही पुसत नाहीत. जुन्या कॅमेऱ्याचा न धुतलेला रोल असेल तर मात्र हातात द्या, तो बिघडू शकतो. आणि माणसं जातात तो दरवाजा नुसता धातू शोधतो. त्यात क्ष-किरण नसतातच."

"आणि पेसमेकर?" काकांनी विचारलं.

"कार्ड दाखवायचं, काका. आम्ही हाताने तपासतो. कार्डावर लिहिलेलं असतं की सगळं."

काकांनी पाकिटातून कार्ड काढलं. त्यांनी स्वतः लॅमिनेट केलेलं, कोपरे गोल कापलेले, हवेचा एक बुडबुडा नाही. त्यांच्या दुकानाचा चाळीस वर्षांचा नियम होता, लोकांचे कागद वाचायचे नाहीत, फक्त यंत्रात सरळ घालायचे. बायकोचा कागदही त्यांनी सरळ घातला होता. आता पहिल्यांदा तो उलटा केला.

'विमान प्रवासास हरकत नाही. तपासणीच्या वेळी हे कार्ड दाखवावे. दरवाज्यात रेंगाळू नये.' आणि शेवटी, ठळक अक्षरांत, 'चुंबक छातीजवळ आणू नये.'

काकांनी लॉकेट पुढे केलं. टाचणी त्यालाही चिकटली.

"हे कुणाच्या गळ्यात होतं?"

"बायकोच्या. आठ महिने. रात्रंदिवस." काकांनी विचारलं, "याच्यामुळे गेली का हो ती?"

बाईने कार्ड वाचून पाहिलं. "मला नाही सांगता येणार, काका. आता कुणालाच नाही."

तेवढ्यात बस लागली. कवचवाल्याने कधी टेबल मिटलं, कळलंही नाही. काका बसमागे धावले, पण पोहोचले नाहीत. मागच्या काचेत पांढरा कोट दिसला, आणि बस वळली.

"काका," गर्दीतली एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमचं ते लॉकेट द्यायचंय का? माझ्या आईलाही पेसमेकर आहे. असलेलं बरं."

काकांनी मूठ घट्ट मिटली आणि दुसऱ्या हाताने कार्ड तिच्यापुढे धरलं. "आधी हे वाचा. मला वेळ होता, चष्मा होता, अक्षरं ठळक होती. मी घाबरवणाऱ्याला विचारलं, डॉक्टरला विचारलं नाही. तुम्ही डॉक्टरला विचारा."

तिने वाचलं. मान डोलावली. "पण सोबत असलेलं बरंच ना?"

काकांनी कार्ड आणि लॉकेट पाकिटात ठेवलं आणि ते विमानतळाकडे निघाले.

आत त्यांनी फोन, पट्टा, पाकीट ट्रेमध्ये ठेवलं. सगळं बोगद्यातून गेलं आणि पलीकडे जसंच्या तसं बाहेर आलं. दरवाजा एका पावलाचा होता. एवढं पाऊल तिनेही टाकलं असतं.

पलीकडे एक माणूस पट्टा बांधत होता. काका त्याला म्हणाले, "कसलाही कागद हाती आला तर मागची बाजू वाचत जा."

"हो हो," तो म्हणाला, आणि पट्ट्याचं भोक शोधत राहिला.