आप्पांचा रावस

मी एक जुना रावस आहे, मित्रांनो. आहे कसला, होतो! आता हॉटेलच्या ताटात पडून बोलतोय, तेव्हा बोलणं जरा कडू लागेल.

डहाणूच्या खाडीत कोळंबी खाऊन मी वाढलो. गळ्याखाली दोऱ्यांसारखे तंतू, त्यांनी चिखल चाचपायचा आणि खाणं शोधायचं. किती जाळी चुकवली! मग माजलो आणि धाकट्या डहाणू गावच्या एका होडीला गावलो. त्याचं वाईट वाटलं नाही. खाणाऱ्याला चव कळली की आम्ही सुटलो.

बंदरावर मला बघताच होडीवाल्याच्या बायकोचा, हिरकणीचा चेहरा फुलला. "हा इकायचा नाय! आप्पांचा हाय," ती ओरडली. त्यांच्या घरची रीतच तशी. हंगामातला पहिला रावस विकत नाहीत. त्याचं डोकं घरातल्या सर्वांत थोर माणसाला वाढतात, मग बाकीचे जेवतात. तिचे सासरे आप्पा एके काळचे नावाजलेले तांडेल, होडी चालवणारे. आता खाटेला खिळले होते. नुसत्या पेजेवर होते, तीही नकोशी झाली होती. मागितला होता तो फक्त रावसाचा रस्सा.

हिरकणी मला ओल्या गोणपाटात गुंडाळत होती, तेवढ्यात तिची लेक जागृती स्कूटीवरून आली. ती एका रिसॉर्टमध्ये कामाला लागली होती.

"आई, मुंबईच्या पाहुण्यांना अख्खा सालमन पाहिजे. मी हो बोलले."

"सालमन कुठला? रावस हाय हा."

"मेनूवर यालाच इंडियन सालमन म्हणतात. दे ना! आप्पांना उद्या दुसरा गावेल."

"उद्याचं कोणी बघितलंय, बाय?"

पण लेकीची नोकरी नवी. हिरकणीने मला दिलं आणि तोंड फिरवलं.

सालमन म्हणे! अहो, तो थंड मुलखातला, समुद्र सोडून नद्या चढणारा. त्याचं माझं ना नातं ना गोतं. जिवंतपणी कुणी अशी हाक मारली असती, तर शेपटीने थोबाड फोडलं असतं!

पाहुण्याने काट्याने मला उकललं, एक घास तोंडात घातला आणि ताट ढकललं. "हा पांढरा आहे. सालमन गुलाबी असतो. फसवता का आम्हाला?" जागृती माफी मागत राहिली. मला घरी न्यावं असं तिच्या मनात आलं असेल, पण आता मी उष्टा. उष्टं डोकं थोरांना कोण वाढणार?

स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. आप्पांचा आवाज मलाही ऐकू आला, अगदी बारीक.

"बाय, रावस आला का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "नाही, आप्पा. यंदा अजून नाही आला."

"बरं. मग पेजही राहू दे."

मित्रांनो, मला आता मागच्या दारी कुत्र्यांपुढे टाकतील. टाकू देत. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही मागितलं, तर ते आधी त्याला द्या. पाहुणे काय, पुढच्या शनिवारीही येतात.