टेपचे पहिले दहा सेंटिमीटर

सुताराच्या धाकट्या मुलीला भूगोलाच्या पदवीत ऑनर्स हवं होतं. लेखी पेपर चांगले गेले होते. आता प्रकल्पात शंभरपैकी सत्तर गुण पडले की गंगेत घोडं न्हालं. वस्तीमागच्या ओढ्याची काठापासून काठापर्यंतची रुंदी तिने चोवीस ठिकाणी मोजली होती. टेपचं टोक पलीकडे बाबांनी धरायचं, अलीकडे तिने आकडा वाचून वहीत टिपायचा.

अहवाल सोमवारी द्यायचा होता. शुक्रवारी तिने नगरपालिकेचा नकाशा पाहिला. पुलाखाली ओढा दोन सिमेंटच्या भिंतींमधून जातो, तिथलं अंतर नकाशात दोन मीटर होतं. वहीत दोन मीटर दहा सेंटिमीटर. भिंती काही सरकत नाहीत.

जेवताना तिने बाबांना विचारलं, टेप कसा धरला होता. नेहमीसारखा, दहावर, असं ते म्हणाले. सुताराच्या टेपचं टोक वापरून वापरून झिजतं, वाकतं. त्यावर भरवसा ठेवला तर दार चौकटीत बसत नाही. म्हणून बाबा दहाच्या खुणेपासून मोजत आणि मागाहून दहा वजा करत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की सांगायचं त्यांना सुचलंच नाही.

मग सगळ्यांतून दहा वजा कर, झालं, आई म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला. "सगळ्यांतून नको. सुरुवातीला तू शून्यावर धरा म्हणालीस, तेव्हा तसं धरलं होतं. मग हात आपल्या वळणावर गेला. कुठपासून, ते काही आठवत नाही गं."

ताईने टोमणा मारला, की दहा सेंटिमीटरने ओढा काही आटत नाही आणि परीक्षक काही टेप घेऊन येत नाहीत. धाकटी वहीची पानं उलटत राहिली. सत्तरला एक गुण कमी पडला तरी ऑनर्स गेलं, हे तिला ठाऊक होतं.

"बाबा, रविवारी काम आहे?"

"आता आहे," बाबा म्हणाले.

रविवारी शून्याचं टोक तिने स्वतः धरलं. बाबा आकडा ओरडून सांगत, ती तो परत म्हणून दाखवी. संध्याकाळपर्यंत चोवीस जागा झाल्या. जुन्या आकड्यांपैकी नऊ बरोबर निघाले, पंधरा चुकलेले. अहवालात तिने जुने-नवे दोन्ही आकडे दिले आणि चूक कशी झाली तेही लिहिलं.

तोंडी परीक्षेत परीक्षक त्याच पानावर थांबले. सुतार दहापासून का मोजतात, हे त्यांनी नीट विचारून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

निकाल लागला तेव्हा बाबा रंधा मारत होते. चौऱ्याहत्तर, ऑनर्स मिळालं, असं तिने दारातूनच सांगितलं.

बाबांनी रंधा थांबवला. "दहा वजा करून की तसेच?"

"तसेच, बाबा."

त्यांनी फळीवरचा भुसा फुंकला, टेप ओढला आणि दहाची खूण कडेला लावली.