उंद्रीच्या चाकूवरच्या तीन खाचा

मनकर्णाबाईंचं पत्र येऊन चार वर्षं झाली होती आणि लक्ष्मीकांत सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र. आधी पेन्सिलीनं रेघा आखून मग त्यावर शाईनं लिहिलेलं. म्हणजे लिहिणारीला लिहायची सवय नव्हती, पण ओळ वाकडी जाऊ द्यायची नव्हती. मजकूर सरांना पाठ होता.

'गुरुजींना उंद्रीहून मनकर्णाबाईचा नमस्कार. तुम्ही माझ्या वडिलांच्या चाकूबद्दल अंकात लिहिलं ते आमच्या गावच्या शाळेत वाचून दाखवलं. तुम्ही लिहिलं की तीन खाचा म्हणजे तीन मारलेली माणसं. गुरुजी, माझे वडील भगवानराव लढाईत टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होते. त्यांनी कोणाले मारलं नाही. खाचा तार सोलायच्या आहेत. चाकू तुमच्यापाशीच राहू द्या, तो भंगारात गेला ही आमची चूक. पण तेवढं मारल्याचं खोडा. शाळेतली पोरं माझ्या नातीले खुन्याच्या घरची म्हणतात. उत्तर पाठवा.'

सरांनी उत्तर लिहायला घेतलंच नव्हतं असं नाही. 'आपले पत्र पावले' इथवर ते बऱ्याचदा आले होते. पुढचं वाक्य लिहायचं म्हणजे 'मी चुकलो' लिहायचं, आणि खरंच चुकलो का, याचीही त्यांना खात्री नव्हती. मग कागद फाटायचा आणि पत्र पुन्हा शब्दकोशाच्या पानांत जायचं.

नांदुऱ्याच्या एका शाळेत ते बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. लोक सवयीनं सर म्हणायचे. निवृत्तीच्या थोडं आधी खामगावच्या एका भंगाराच्या ढिगात त्यांना एक चाकू सापडला होता. पातं कानस घासून केलेलं, आणि मूठ विमानाच्या खिडकीच्या काचेच्या चकत्या एकीवर एक रचून. दुसऱ्या महायुद्धात इकडची जी माणसं सैन्यात गेली, त्यांतल्या कुणीतरी छावणीत बसून फावल्या वेळात तो घडवला होता. कारखान्याचा शिक्का नाही, नंबर नाही. फक्त एका माणसाचा हात. सर त्या चाकूनं झपाटले. मग एकेक करत चौदा जमले. कुणाचं पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं, कुणाची मूठ शिंगाची, कुणाची मुठीपुढची आडवी पट्टी तोफगोळ्याच्या पितळी टोपणातून कापलेली.

सरांचे नियम कडक होते. गंज घासायचा नाही, धार लावायची नाही, चाकूनं काहीही कापायचं नाही. तेलाचं बोट तेवढं फिरवायचं.

"घरात चौदा चाकू," सरांच्या पत्नी प्रेमलाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "अन् मी कांदा कापाले विळी घेऊन बसते."

लेख त्यांनी आयुष्यात एकच लिहिला, त्या पहिल्या चाकूवर. जिल्ह्यातल्या एका इतिहास मंडळाच्या वार्षिक अंकात तो छापून आला. उंद्रीच्या चाकूच्या पितळी पट्टीवर 'भगवान उंद्री' असं टोच्यानं कोरलेलं होतं. खामगावला एस.टी. बदलली की दोन-अडीच तासांत उंद्री. तिथं जाऊन कुणालाही विचारता आलं असतं. पण माणसाला विचारण्यापेक्षा पुस्तकाला विचारणं सरांना नेहमीच सोपं गेलं. एका इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं की शिपाई मारलेल्या शत्रूंची नोंद खाचांनी ठेवत. सरांनी ते उचललं.

आणि एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ग्रंथालयात पुस्तकांची असतात तशी प्रत्येक चाकूची पुठ्ठ्याची नोंदपत्रिका त्यांनी केली होती. उंद्रीच्या चाकूच्या पत्रिकेवर त्यांच्याच अक्षरात होतं: 'पात्याच्या पाठीवर खाचा तीन. लहान, मध्यम, मोठी.' लेखात मात्र त्यांनी 'तीन सारख्या खाचा' असं लिहिलं होतं. माणसं लहान, मध्यम, मोठी मारत नाहीत, हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी पंजाबराव घरी आले. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, मोठे शेतकरी, कापसाच्या जिनिंगचे मालक. खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागले.

"सर, शाळेले पंच्याहत्तर वर्षं होऊन राह्यले. तुमचे चाकू आता कपाटात नका सडवू. मधल्या हॉलमध्ये काचेचं टेबल देतो तुमाले. नावाची पाटी लावतो. लक्ष्मीकांत सरांचा संग्रह!"

सरांचे कान लाल झाले. ही एक गोष्ट त्यांना मनापासून हवी होती, आणि आजवर त्यांनी ती बायकोजवळसुद्धा बोलून दाखवली नव्हती.

"अन् तो तीन खाचावाला मधोमध," पंजाबराव म्हणाले. "बोर्ड रंगवाले टाकलाय. उंद्रीचा वाघ! तीन खाचा, तीन मुडदे! कसं वाटते?"

"बरं," सर घशातल्या घशात म्हणाले.

"त्याची लेक आहे म्हणे उंद्रीले. मनकर्णाबाई. तिच्यासाठी गाडी पाठवतो. स्टेजवर शाल, नारळ. बापाच्या पराक्रमाचा सत्कार!"

चहा पिऊन पंजाबराव गेले. प्रेमलाबाईंनी कप उचलले नाहीत.

"काऊन गप बसले हो तुमी? त्या बाईनं लिहिलं होतं, माह्या बापानं कोणाले मारलं नाही. आता तिलेच स्टेजवर बसवून सांगणार काय, तुह्या बापानं मारलं म्हणून?"

"ती म्हणते ते खरं कशावरून?" सर म्हणाले. "लेक बापाबद्दल असंच बोलणार. आणि मी म्हणतो ते तरी..."

"मंग पाहा ना! चाकू घरात आहे, तार बाजारात आहे. चार वर्षांपासून विचार करून राह्यले. विचारानं तार सोलत नाही."

स्टेशन रोडवर रामचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. राम शाळेत असताना गोष्टीची पुस्तकं वेळेवर परत करत नसे, एवढीच त्याची न् सरांची ओळख. सरांनी फडक्यातून चाकू काढला आणि तो कशासाठी आणलाय ते सांगायच्या ऐवजी नुसता समोर धरला.

रामनं चष्मा कपाळावर चढवला. "द्या इकडं."

सरांचा हात मागं आला. "हा वापरायचा नसतो."

"मंग काय ओवाळायचा त्याले?" राम हसला. "सर, काम काय आहे ते तर सांगा."

"या खाचांत तार बसते का, ते पाहायचंय. जुनी तार. वरून कापडाची, आतून रबराची."

रामनं बाकाखालच्या डब्यातून तीन तुकडे काढले. बारीक, जरा जाड, जाड. "मी नाही हात लावत तुमच्या चाकूले. तुमीच करा. तार खाचेत बसवा, अंगठ्यानं दाबा. फिरवा. आता ओढा."

 ज्या चाकूला त्यांनी कधी पाव कापू दिला नव्हता, त्यावर आता ते रबर घासत होते. पातं कुठं चिरलं तर? आणि खाच तुटली तर? त्यांनी ओढलं. भुईमुगाच्या शेंगेचं टरफल निघावं तसं कव्हर अलगद निघून आलं. आतलं तांबं लखलखीत, त्यावर ओरखडासुद्धा नाही.

"दुसरी घ्या," राम म्हणाला. त्याचं हसणं थांबलं होतं.

मधल्या खाचेत मधली तार. मोठ्या खाचेत जाड तार. तिन्ही सोलल्या गेल्या. रामनं चाकूला हात न लावता वाकून पाहिलं, मग दिवा जवळ ओढून पुन्हा पाहिलं.

"कारागीर होता हा माणूस. खाच आतून एकाच अंगानं घासली आहे, पाहा. अशानं कव्हर कटते, तांबं कटत नाही. मी विकतचं औजार वापरतो, तरी दहातली एक तार तोडतो." त्यानं मान हलवली. "कोन्या येड्यानं म्हटलं, का हे माणसं मारल्याचं आहे?"

"मी," सर म्हणाले.

 सोललेले तीन तुकडे रामनं कागदात गुंडाळून सरांच्या हातात दिले.

घरी गेलो तर पुन्हा 'पण' सुरू होईल, हे सरांना ठाऊक होतं. ते तसेच चालत जिनिंगवर गेले. ऑफिसात पंजाबराव वजनाच्या पावत्या बघत होते. बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या. सरांनी उभ्या उभ्याच कागद उघडून तारेचे तुकडे टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. लेखात सारख्या लिहिलेल्या खाचा सारख्या नाहीत, हेही सांगितलं.

पंजाबरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तार सोलणं पाहाले कोण येईल? तार तर माह्या जिनिंगचा वायरमनही सोलते."

"ते खोटं आहे. मी लिहिलेलं खोटं आहे."

"छापून आलं ना? मंग खरं झालं. अन् बोर्ड रंगून तयार आहे."

"बोर्ड बदला."

"नाही बदलला तर?"

सरांनी टेबलाची कड धरली. "तर माझा एकही चाकू येणार नाही."

"चौदाही?"

"चौदाही. आणि मनकर्णाबाईंना बोलवायचं असेल, तर तारा ओढणाऱ्याची लेक म्हणून बोलवा. नाहीतर त्यांना गाडी पाठवू नका."

पंजाबराव खुर्चीत मागं टेकले. "चाळीस वर्षांत तुमचा आवाज पहिल्यांदा ऐकला, अन् तोही नाही म्हणासाठी!" ते हसले, पण टेबल त्यांनी दिलं नाही. "राहू द्या मंग. तिथं मी खेळाच्या ढाली मांडतो."

"मांडा," सर म्हणाले. ते पायऱ्या उतरले. काचेचं टेबल गेलं होतं. नावाची पाटी गेली होती. वाईट वाटत होतं, पण परत वर जावंसं वाटलं नाही.

दुपारचं जेवण झाल्यावर त्यांनी कागद घेतला. प्रेमलाबाई समोर येऊन बसल्या.

"मसुदे किती करसान?"

"एकच."

'सौ. मनकर्णाबाईंना सप्रेम नमस्कार,' त्यांनी लिहिलं. मग थांबले, बाईंचे पती हयात आहेत की नाहीत, माहीत नव्हतं. 'सौ.' काट मारून खोडलं आणि कागद न बदलता पुढं गेले.

'आपले पत्र चार वर्षांपूर्वी पावले. उत्तर दिले नाही, कारण मला लाज वाटत होती. आपण लिहिले ते खरे आहे. खाचा तार सोलण्याच्याच आहेत. मी आज स्वतः तिन्ही खाचांत तार सोलून पाहिली. खाचा लहानमोठ्या आहेत हे लेख लिहितानाही मला माहीत होते आणि मी ते दडवले. ही नजरचूक नव्हती. आपल्या वडिलांनी कोणाला मारले याचा माझ्याजवळ काहीही पुरावा नव्हता आणि नाही. खुलासा मंडळाच्या संपादकांना याच टपालाने पाठवत आहे. त्यांनी छापो वा न छापो, आपली परवानगी असेल तर मी उंद्रीच्या शाळेत येऊन मुलांसमोर तो वाचून दाखवीन. चाकू व तारा सोबत आणीन.'

वर्गासमोर ते जन्मात उभे राहिले नव्हते. हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. खोडण्यासाठी पेनही टेकवलं. मग पेन उचलून खाली सही केली.

"वाचा," प्रेमलाबाई म्हणाल्या. सरांनी वाचलं.

"चार वर्षं लागले तुमाले एवढ्याले?"

"हो."

"जा मंग. चारची टपालाची थैली निघून जाईल."

पोस्टात त्यांनी दोन पाकिटं घेतली, पत्ते लिहिले. उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. तिकीट चिकटवलं, कडा अंगठ्यानं नीट दाबल्या. खिडकीतल्या कारकुनाला थैली कधी निघते ते विचारून घेतलं. अजून पाऊण तास होता. आधी त्यांनी मनकर्णाबाईंचं पाकीट पेटीत टाकलं, आणि मग संपादकांचं.