टोल्याचा मान

जूनअखेरच्या वाऱ्यात आमच्या शाळेच्या व्हरांड्याचे पत्रे उडाले. त्यातला एक थेट खाडीकडच्या मोहल्ल्यात गेला आणि कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यावर असा फिट्ट बसला, की परत मागायची आम्हालाच लाज वाटली. सरकारी पत्रे येतील तेव्हा येतील, म्हणून आमचे मुख्याध्यापक साळवी सर यांनी मदतीची कुपनं छापून घेतली. सगळ्यांत जास्त कुपनं खपवणाऱ्या मुलाला कंपासपेटी.

मुलांनी कुपनांची पुस्तकं जशीच्या तशी परत आणली. शुभंकरचं तेवढं आलं नाही. त्याच्या आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, ते चूल पेटवायला वापरलं होतं. मी म्हटलं, "सर, असल्या कंपासपेट्या मंडणगडच्या बाजारात ढिगाने पडल्यात. तिच्यासाठी कोण दारोदार फिरेल? बक्षीस जरा बरं ठेवा."

माझ्या मनात सायकल होती, हे इथे नोंदवून ठेवते.

साळवी सर राजापूरकडचे. त्यांच्या घराण्याकडे शिमग्याच्या पालखीचा कसलासा मान आहे आणि तो ते पगारापेक्षा जपतात. ते गालातल्या गालात हसले. "नम्रता बाई, सायकलला पैसे लागतात. मानाला काही लागत नाही." आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं, जो सर्वांत जास्त कुपनं खपवेल त्याला वर्षभर शाळेची घंटा वाजवायचा मान मिळेल.

घंटा म्हणजे फणसाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि एक हातोडी. ती रोज मनस्वी वाजवायची, सातवीतली. तिला कुणी नेमलं नव्हतं. तिची वाडी सगळ्यांत लांब, म्हणून ती सगळ्यांच्या आधी निघायची, सगळ्यांच्या आधी पोचायची आणि आलोच आहोत तर वाजवून टाकू म्हणून वाजवायची. आधी दोन टोले सावकाश, मग फणसावरचे कावळे उठतील असे सलग. शेवटी ती रुळावर तळवा ठेवून उभी राहायची. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "थरथरता ना बाई तो," ती म्हणाली होती. तेव्हापासून ही पोर मला फार आवडते.

घोषणा झाली तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते. मुलं टाळ्या वाजवत होती. तिने हळूच मला विचारलं, "म्हणजे उद्यापासना मी वाजवाची नाय?"

मनस्वीचं मुंबईत कुणी नाही आणि परदेशात तर नाहीच. आई काजूच्या कारखान्यात जाते, वडील दुसऱ्याच्या बागेत राखणदारी करतात. तरी ती आपल्या वाडीतली सगळी घरं फिरली. सगळी म्हणजे काय, हाका मारल्या तर एका हाकेत संपतील एवढीच.

इकडे गाव पेटलं होतं. आमच्या गावात पालखीचा पहिला खांदा कुणाचा, यावरून देव कित्येक शिमगे देवळातच बसून आहे. त्या गावात सर मान वाटायला निघाले होते! वरच्या वाडीच्या आप्पांनी गावच्या चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाला फोन लावला. मंडळाने तातडीची सभा घेऊन ठराव केला, की घंटा ही वरच्या वाडीची अस्मिता आहे. तिकडे खाडीकडच्या मोहल्ल्यातल्या समरीनचे अब्बा जुनेदभाई कुवेतला असतात. त्यांनी कामगारांच्या अख्ख्या कँपात कुपनं फिरवली. केरळच्या, नेपाळच्या माणसांनी आमच्या पत्र्यांना हातभार लावला. कशासाठी ते त्यांना अजून कळलेलं नसावं.

पत्रे आले. शुभंकर जिंकला, समरीन थोडक्यात हुकली. पंधरा ऑगस्टला आप्पा फेटा बांधून, ढोल घेऊन शाळेत आले. रुळाला हार घातला, नारळ फोडला. शुभंकरने एक टोला दिला आणि ढोलाला घाबरून तो सरांच्या मागे लपला. तेवढ्यात समरीनच्या आईने मोबाइल पुढे धरला. त्यात जुनेदभाई होते. "सर, पयला टोला आप्पांचा, कबूल हाय. दुसऱ्याचा काय?"

सरांनी दुसरा टोला समरीनला दिला. मग तिसरा खालच्या वाडीला द्यावा लागला. मग रावजी उठले. फणस त्यांच्या हद्दीत येतो, म्हणून त्यांनी "हां" म्हटल्याशिवाय पहिला टोला पडता कामा नये, असं ठरलं. रावजी सकाळी गुरं सोडून, आंघोळ करून, देवाला फूल घालून यायचे. तोवर सगळी शाळा अंगणात उभी. मुलांना मी दोनदा आत हाकललं, तर मुलं म्हणाली, "टोला पडला नाय बाई." आणि पालकांनी मला बजावलं, की टोल्याआधी वर्गात बसणं म्हणजे मान मोडणं. मला वाटलं हातोडी घ्यावी आणि रुळाऐवजी दुसरीकडेच चालवावी.

भाद्रपदात शुभंकरला ताप आला. मी म्हटलं, तोवर मनस्वी वाजवेल. आप्पा भडकले. "मान एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की परत येत नाय. पोर बरा होईल तवा पडल टोला." आणि हातोडी त्यांनी देवळातल्या पेटीत, कुलपात ठेवली.

त्या दिवशी मुलं अंगणात उभी राहून राहून कंटाळली. मग मनस्वी जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावर चढली. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, "टण्ण... टण्ण... टण्टण्टण्टण्!" हुबेहूब रूळ. कावळेसुद्धा उठले. मुलं हसत सुटली आणि हसत हसतच वर्गात शिरली. शेवटी तिने आपल्या तोंडावर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

चार दिवस शाळा झकास भरली. मग नव्या पत्र्यांखाली गावकीची बैठक बसली. आप्पा म्हणाले, "तोंडाची असली तरी घंटाच ती." मोबाइलमधून जुनेदभाई म्हणाले, "मंग दुसरा टण्ण आमचा." रावजींनी, ओरडायला फणस लागत नसला तरी सावली फणसाची आहे, हा मुद्दा काढला. मला वाटलं, सर आता तरी यांना झापतील. सरांचे डोळे मात्र चमकत होते. शाळेला कुंपण बांधायचं बाकी होतं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की तोंडी घंटेचा मान कुंपणाची कुपनं सर्वांत जास्त खपवणाऱ्याला, आणि तोवर कुणी तोंड उघडायचं नाही.

मी संतापाने लाल झाले. संध्याकाळी मनस्वीला गाठून सांगितलं, "सगळी कुपनं मी घेते, तुझ्या नावावर. यंदा मान तुझाच."

तिने मान हलवली. "मना नको बाई. माझीच होती ती. माझी वस्तू मी विकत कशाला घेव?"



दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आली. फणसाखाली थांबली, रुळावर तळवा ठेवला. मग वर्गात जाऊन बसली आणि पुस्तक उघडलं. समरीन आली, मनस्वी आत बसलेली दिसली, म्हणून तीही जाऊन बसली. मग बाकीची. अंगणाच्या कडेवरून आप्पा "अरे थांब, अरे टोला!" म्हणत असताना ताप उतरलेला शुभंकर त्यांचा हात सोडवून आत पळाला. तेव्हापासून रोज असंच होतं.

साळवी सर बुचकळ्यात पडले आहेत. टोला नाही, ओरडणं नाही, मग शाळा भरते कशी? मला दोनदा विचारून झालं. कुपनांवर छापायला त्यांना अजून एक बक्षीस हवं आहे.

मी म्हणते, "काय माहीत, सर." मनस्वी बसली की शाळा भरते, हे त्यांना माझ्या तोंडून कधीच कळणार नाही.